समुद्रावरचे नांदणे

आठवीच्या वर्गात ‘कोलंबसाचे गर्वगीत’ शिकवीत असताना एका मुलाने मला विचारले, ‘‘सर, इतके दिवस ते लोक जेवत काय होते?’’ वर्गात हशा पिकला. मीही हसलो आणि त्याला खाली बसविले. कवितेतील गर्जना चालू असताना स्वयंपाकघराची चौकशी करणे मला रसभंगाचे वाटले. ह्या गोष्टीला आता काही वर्षे झाली. त्यानंतर जे थोडेफार वाचन घडले, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, त्या तासाला वर्गात कवितेच्या सर्वांत जवळ तो मुलगाच होता.

माझे बालपण धारला गेले आणि नोकरी देवासला झाली. आम्हा माळव्यातील मराठी माणसांचा समुद्राशी संबंध पाठ्यपुस्तकापुरता. मुंज तलाव आणि मीठा तालाब ही आमची जलाशयाची कल्पना. फार तर नेमावरच्या घाटावरून केवटाच्या नावेतून नर्मदा ओलांडलेली. तेव्हा समुद्रावर लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच मान्य करतो. परंतु समुद्रावर जे लिहिले गेले आहे ते वाचण्याचा व शिकविण्याचा अधिकार किनाऱ्यापासून किती मैल दूर राहतो ह्यावर अवलंबून नसावा.

मराठी साहित्यात समुद्र नाही, असे कोणी म्हणणार नाही. सावरकरांनी १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर ज्या सागराला साद घातली तो आमच्या पिढीला मुखोद्गत आहे. कुसुमाग्रजांचा कोलंबस १९४२ च्या ‘विशाखा’त आला आणि तेव्हापासून तो शाळाशाळांतून गर्जत आहे. पंडिता रमाबाईंचा ‘इंग्लंडचा प्रवास’ त्याही पूर्वीचा, १८८३ चा. परंतु नीट पाहिले तर ह्या तिन्ही ठिकाणी माणूस समुद्रावर राहत नाही. पहिल्यात तो काठावर उभा आहे. दुसऱ्यात तो समुद्राशी बोलत आहे. तिसऱ्यात तो आगबोटीचा उतारू आहे. त्याचे अन्न कोणीतरी शिजवितो, त्याची दिशा कोणीतरी ठरवितो. ज्याला मी नांदणे म्हणतो ते ह्याहून निराळे. पाणी किती उरले ते मोजणे, डुलणाऱ्या चुलीवर भात शिजविणे, फाटलेले शीड शिवणे, रात्री दोनदा उठून नांगर सरकला नाही ना हे पाहणे, ओले कपडे वाळत नाहीत म्हणून तेच पुन्हा अंगावर चढविणे. हा संसार आपल्या वाङ्मयात जवळजवळ आलेला नाही, आणि त्याची उणीव कोणाला भासल्याचेही दिसत नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळतो. कोलंबसाने रोजनिशी ठेवली होती. मूळ प्रत हरवली. परंतु लास कासास ह्या धर्मोपदेशकाने केलेला तिचा विस्तृत गोषवारा उपलब्ध आहे. तो मी वाचला आणि प्रथम निराश झालो. १४९२ च्या ६ सप्टेंबरला कॅनरी बेटांतील गोमेरा सोडल्यापासून १२ ऑक्टोबरला बहामा बेटांपैकी एकाचा किनारा लागेपर्यंत सारा प्रवास बव्हंशी सौम्य हवेत झाला. तुफान कोठेच नाही. रोज किती कोस काटले, गवत दिसले, पक्षी दिसला, इतकेच. खलाशी घाबरले होते, पण ते वादळाला नव्हे. वारा सतत पूर्वेकडून, म्हणजे पाठीमागून, वाहत होता, आणि अशा वाऱ्याच्या समुद्रातून स्पेनला परतायचे कसे, ही त्यांची धास्ती होती. सप्टेंबरच्या २२ तारखेस वारा उलटा फिरला तेव्हा कोलंबसाला हायसे वाटले, कारण घरी जाण्याजोगा वाराही ह्या समुद्रावर आहे हे खलाशांना त्यामुळे पटले. अनुकूल वाऱ्याचे भय! संसारी माणसाचे भय ते हे. पुढे जाणे सोपे आहे, परतणे होईल का? हे भय कोणत्याही गर्जनेत बसत नाही. कोलंबस रोज दोन हिशेब ठेवीत असे, एक स्वतःसाठी आणि दुसरा, अंतर कमी दाखविणारा, खलाशांसाठी, ही गोष्टही अशाच घरगुती शहाणपणाची आहे. वडीलधारी माणसे घरातील कर्जाचा आकडा सांगताना हेच करतात.

तुफान आले ते परतीच्या वाटेवर, १४९३ च्या फेब्रुवारीत, अझोर्स बेटांच्या जवळ. येथे रोजनिशी वाचताना मला वर्गातला तो मुलगा आठवला. गलबत धोक्यात का आले? कारण बरोबरचे अन्न खाऊन संपले होते आणि पाणी व दारू पिऊन संपली होती. तळाशी वजन उरले नाही, म्हणून गलबत लाटांवर हेलकावू लागले. कोलंबसाने उपाय केला तो हा की, रिकामी झालेली पिंपे समुद्राच्याच पाण्याने भरून घ्यावीत. ते लोक काय जेवत होते आणि किती जेवले, ह्या प्रश्नावरच त्या रात्री सर्वांचे प्राण टांगलेले होते. मी ज्याला रसभंग समजून खाली बसविले, तो वादळाचा गाभा होता.

त्याच दिवशी नवस बोलले गेले. ग्वादालुपेच्या मातेच्या दर्शनाला मेणबत्ती घेऊन कोणी जावे ह्यासाठी चिठ्ठ्या टाकायच्या, पण चिठ्ठ्यांच्या जागी हरभरे घेतले. गलबतावर जितकी माणसे तितके दाणे, आणि त्यांतील एकावर सुरीने क्रूस कोरलेला. टोपीत हात घालून पहिला दाणा कोलंबसानेच काढला आणि खुणेचा दाणा त्याच्याच हाती आला. ह्याच तुफानात आपला शोध आपल्याबरोबर बुडू नये म्हणून त्याने हकीकत लिहून, ती मेणकापडात गुंडाळून, पिंपात घालून समुद्रात सोडली. एका हातात कोठारातला हरभरा आणि दुसऱ्या हातात भावी कीर्तीचा कागद, असा हा दर्यावर्दी माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तेव्हा तो मला गर्वगीतातील नायकाहून अधिक जवळचा, आणि सांगायचे धाडस करतो, अधिक मोठा वाटतो. (त्याच्या ह्या शोधाची किंमत त्या बेटांवरील मूळच्या तायनो लोकांना कशी मोजावी लागली, हे शिक्षकाने वर्गात सांगितलेच पाहिजे. तो विषय स्वतंत्र आहे.)

ह्यावर कोणी म्हणेल की, कवीला रोजनिशीशी काय कर्तव्य? आक्षेप रास्त आहे. कुसुमाग्रजांनी पंधराव्या शतकातील नौकानयनावर निबंध लिहिला नाही. पारतंत्र्यातील तरुणांच्या मनात जे खदखदत होते त्याला त्यांनी एक गलबत दिले. त्या गलबतात पिंपे मोजणे हा कवितेवर अन्याय होईल. माझी तक्रार कवितेविरुद्ध नसून आपल्या समीक्षेविरुद्ध आणि माझ्यासारख्या शिक्षकांविरुद्ध आहे. आपण त्या प्रतीकालाच समुद्र समजून थांबलो. धैर्य म्हणजे तुफानाला दिलेले आव्हान, ही एकच व्याख्या आपण मुलांना दिली; छत्तीस दिवस रोज पाणी वाटून देण्याला, हिशेब लिहिण्याला, सोबत्यांची कुरकुर ऐकून घेण्याला आपल्याकडे नावच उरले नाही.

ज्या वाङ्मयात ह्याला नाव आहे, त्यातील एक पुस्तक येथे विस्ताराने सांगावेसे वाटते. जोशुआ स्लोकम ह्या प्रौढ अमेरिकन कप्तानाने १८९५ ते १८९८ ह्या काळात ‘स्प्रे’ नावाच्या जेमतेम सदतीस फुटी शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि १९०० साली तिची हकीकत प्रसिद्ध केली. असे करणारा तो जगातला पहिला पुरुष; परंतु पुस्तकात ह्या पहिलेपणाचा डंका ऐकू येत नाही. ऐकू येते ते त्याचे पत्र्याचे घड्याळ. किंमत दीड डॉलर, पण तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिले. पुढे त्याचा मिनिटकाटा गळून पडला आणि ते चालेना, तेव्हा स्लोकमने ते चक्क पाण्यात उकळले! अझोर्सजवळ त्याने भेट मिळालेले आलुबुखार आणि पांढरे चीज एकत्र खाल्ले, पोटात कळा उठल्या, तो खोलीत आडवा झाला. आणि वादळात सुकाणूवर त्याला एक परका माणूस उभा दिसला. तो म्हणाला, मी कोलंबसाच्या ‘पिंता’ गलबताचा वाटाड्या. कोलंबसाचा माणूस येथेही आला, पण कसा? अपचनाच्या वाटेने. असामान्याला सामान्याच्या खुंटीवर टांगण्याची ही हातोटी मला आपल्या प्रवासवर्णनांत क्वचितच आढळली.

कॅरिबियन बेटांपाशी स्लोकम परतीच्या वाटेवर आला तेव्हा त्याच्याजवळ त्या भागाचा नकाशाच नव्हता. सेंट हेलेना बेटावर त्याला कोणी एक बकरी भेट दिली होती. तिने बोटीवरील दोर कुरतडले आणि नेमका वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला. असेन्शन बेटावर त्याने तिला उतरवून दिले, परंतु नकाशा गेला तो गेलाच. आणि ग्रेनाडा, डॉमिनिका, अँटिग्वा ही बेटे त्याला नकाशावाचून गाठावी लागली. दुसऱ्या एखाद्या लेखकाने येथे नियतीवर दोन परिच्छेद लिहिले असते. स्लोकम बकरीवर रागावतो आणि पुढे निघतो.

त्याच समुद्रात आज पुष्कळ कुटुंबे शिडाच्या बोटींवर घर करून राहतात. पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे त्यांचे वेळापत्रक ठरवितात आणि जून ते नोव्हेंबर ह्या वादळांच्या काळात अनेकजण दक्षिणेस ग्रेनाडा-त्रिनिदादकडे सरकतात. छतावर ताणलेल्या कापडातून पावसाचे पाणी धरायचे, सौरपट्ट्यांवर दिवा लावायचा, किनाऱ्यावर जायला लहान होडी असते ती आपल्याकडच्या बैलगाडीसारखी वापरायची, आणि मुलांना टेबलाशी बसवून धडे द्यायचे. बाहेरून ही सहल वाटते. खरे पाहता हा काटकसरीचा, सतत दुरुस्तीचा, चार हात जागेत एकमेकांना सांभाळून घेण्याचा संसार आहे. चाळीत वाढलेल्या मराठी माणसाला तो समजण्यास काहीच अडचण पडू नये.

येथे धारकरांनी लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. धारच्या भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ ह्या संस्कृत ग्रंथात नौकांचे वर्गीकरण आहे. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२ साली भारतीय नौकानयनावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा उपयोग केला, तेव्हा ते विद्वानांच्या विशेष नजरेस आले. लांबी-उंचीवरून केलेले प्रकार त्यात आहेत. परंतु मला महत्त्वाचे वाटते ते दुसरे वर्गीकरण, जे नौकेवरील ‘मंदिरा’वरून, म्हणजे राहण्याच्या जागेवरून केले आहे. सर्वमंदिरा, मध्यमंदिरा आणि अग्रमंदिरा. पहिली खजिना, घोडे आणि स्त्रिया नेण्यास, दुसरी राजाच्या विहारास, तिसरी दूरच्या प्रवासास आणि युद्धास. घर कोठे आहे त्यावरून नौकेचे काम ठरते! समुद्रापासून शेकडो मैलांवरील ह्या नगरीच्या परंपरेला जे सुचले, ते किनाऱ्याच्या वाङ्मयाला सुचू नये, ह्याचे नवल वाटते. अर्थात ह्याच ग्रंथात फळ्या लोखंडाने जोडू नयेत, समुद्रातील लोहचुंबक नौका ओढून घेतील, असाही इशारा आहे. तो वाचला की माझ्यासारख्याला जपून लिहिण्याची आठवण होते.

मराठी गद्याला हे साधणार नाही, असे म्हणता येत नाही. विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’ पाहा. सत्तावन्नच्या धामधुमीत ते काय जेवले, दक्षिणा किती मिळाली, कितीदा लुटले गेले, आणि एवढे होऊनही गंगेची कावड आईवडिलांसाठी घरापर्यंत कशी आणली, हे सर्व त्यांनी लिहिले. म्हणूनच तो ग्रंथ आजही ताजा आहे. भिक्षुकाच्या कावडीला जे गद्य पेलते त्याला शिडाची बोट का पेलू नये?

विषयही घरी चालत आलेला आहे. १९६८-६९ मध्ये न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’ मुंबईत बांधलेली होती. भारतीयाने अशी प्रदक्षिणा करावी ह्या कल्पनेचा पाठपुरावा केला तो व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी, जे निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत, म्हणजे आमच्याइतकेच कोरड्या जमिनीवर, राहत असत. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांनी छप्पन फुटी ‘म्हादेई’ बांधली आणि तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून चार बंदरे घेत १९ मे २०१० रोजी परतले. पुढे ‘तारिणी’वरून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये आणि दोघींनी २०२४-२५ मध्ये ही फेरी पुरी केली. दोंदे यांचे पुस्तक २०१४ साली निघाले. बोट बांधून घेण्याची हकीकत त्यात विस्ताराने आहे, आणि हे मला फार योग्य वाटते. घर बांधणे हा संसाराचाच भाग. परंतु पुस्तक इंग्रजीत आहे. त्याबद्दल लेखकाला दोष देता येणार नाही. नौदलाचे सारे व्यवहार इंग्रजीत चालतात, आणि ज्या भाषेत माणूस दोर ओढतो त्याच भाषेत त्याला दोराची आठवण होते.

शब्द मात्र आपल्याजवळ आहेत. शीड, परबाण, डोलकाठी, सुकाणू, नाळ, तांडेल. जमिनीवरून येणारा तो मतलई वारा, समुद्रावरून येणारा तो खारा. हे कोळ्यांच्या आणि खलाशांच्या तोंडी वाढलेले शब्द आहेत. आपण ते भूगोलाच्या पुस्तकात वाचले आणि विसरलो. अकादमीने एखाद्या जाणत्याकडून स्लोकमचे मराठी भाषांतर करवून घ्यावे आणि ते करताना भाषांतरकाराला निदान एक पावसाळा रत्नागिरी-मालवणकडे धाडावे, अशी माझी सूचना आहे. कोशावर विसंबलेले भाषांतर नको.

ह्या वर्षी कविता शिकविण्याआधी मी मुलांना एक काम दिले. तीन माणसे, लहान बोट, पाच आठवडे. बरोबर काय न्याल ते लिहा. बहुतेकांनी बिस्किटे आणि मोबाइल लिहिले. एकाने तीन माठ पाणी लिहिले, आणि पाच आठवड्यांना ते पुरेल का ह्याचा गुणाकार आम्ही फळ्यावर केला, पुरत नव्हते. नेमावरकडची एक मुलगी, जिच्या घरी नाव आहे, तिने पहिल्या ओळीत ‘सुई-दोरा, जाड’ असे लिहिले होते. त्यानंतर मी कविता वाचावयास घेतली.