उडत्या गाड्यांच्या खाली कोण चालतं?

हॅरी बावेजांच्या ‘लव्ह स्टोरी २०५०’ची (२००८) टिंगल करणं सोपं आहे. पण माझी तक्रार गाण्यांबद्दल किंवा रोबोंबद्दल नाही. या सिनेमाने २०५० सालची मुंबई उभी केली, आभाळात गाड्या सोडल्या, टोलेजंग इमारती रचल्या. जमिनीवर काय चाललंय, याची साधी विचारपूसही त्याने केली नाही.

आणि कथा फिरते ती रस्त्यावरच्या अपघातावरच! नायिका सना त्यात जाते, म्हणून नायक टाइम मशीनने भविष्यात पोचतो. तिथे गाड्या उडतायत. म्हणजे रस्ता जीव घेतो, यावर उपाय काय, तर रस्ताच सोडा. बग तसाच ठेवून वर नवीन चकचकीत स्क्रीन चढवण्यातला हा प्रकार.

शेजारी रिडली स्कॉटचा ‘ब्लेड रनर’ (१९८२) ठेवून बघा. गोष्ट २०१९ च्या लॉस एंजेलिसची. पोलिसांची ‘स्पिनर’ रस्त्यावरही चालते आणि जागच्या जागी वरही उठते. पण कॅमेरा पुन्हा पुन्हा खाली येतो : पाऊस, छत्र्या, टपरीवर नूडल्स खाणारे, खेटून चालणारी गर्दी. उडणं इथे सोय नाही, सत्ता आहे. खाली उरलेले लोक दिसतात, म्हणूनच ते कळतं.

प्रभादेवीकरांना हे वेगळं सांगायला नको. आमच्या स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं, तेव्हाची गोष्ट. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ. पाऊस आला, लोक परळला जोडणाऱ्या अरुंद पुलावर थांबले, मागून लोकलची गर्दी येतच राहिली. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. मग लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला.

खऱ्या उडत्या गाडीलाही जमीन सुटत नाही. स्लोव्हाकियाची ‘एअरकार’ जून २०२१ मध्ये नित्राहून ब्रातिस्लाव्हाला ३५ मिनिटांत उडत गेली, उतरून पंख मिटले आणि रस्त्याला लागली. पण उडायला तिला धावपट्टी लागते. सकाळी नऊला सेनापती बापट मार्गावर तेवढी मोकळी जागा मागून बघा!

त्यामुळे मुंबईचं भविष्य दाखवणारा पुढचा ट्रेलर आला, की एवढंच बघा : कॅमेरा खाली येतो का? २०५० मध्ये माणसं स्टेशनबाहेर कशी पडतात, हे दाखवणाऱ्या सिनेमाचं तिकीट मी पहिल्या दिवशी काढेन.