दूरदेशीच्या वर्गांचे सहाध्ययन : मावळच्या निमित्ताने एक परीक्षण

भिन्न देशांतील शाळांच्या वर्गांनी आंतरजालाच्या साहाय्याने एखादा विषय एकत्र अभ्यासावा, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. १९८८ साली न्यूयॉर्क राज्यातील व मॉस्कोतील काही शाळा दूरसंचाराने जोडल्या गेल्या आणि त्या प्रयोगातून पुढे ‘आयअर्न’ ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. युरोपात २००५ पासून ‘ई-ट्विनिंग’ची योजना सुरू झाली. त्याहूनही मागे पाहिले, तर फ्रान्समधील सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२०च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांकरवी मजकूर छापवून घेऊन तो दूरच्या प्रांतातील शाळेकडे पाठविण्याची पद्धती रूढ केली होती. टपालाची जागा पडद्याने घेतली. मूळ प्रश्न मात्र तोच आहे. या व्यवहारात मुले एकत्र येऊन नेमके काय करतात? प्रस्तुत लेखात या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

अशा उपक्रमांचा सामान्य क्रम परिचित आहे. आरंभी स्वागत, मग आपले सण, वेषभूषा व खाद्यपदार्थ यांचे दर्शन, थोडी प्रश्नोत्तरे आणि शेवटी प्रमाणपत्र. यास परिचय म्हणता येईल; सहकार्य म्हणता येणार नाही. दोहोंतील भेद ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. समोरच्या वर्गाचे काम वजा केले असता आपल्या वर्गाचे काम अडते काय? अडत नसेल, तर तेथे दोन स्वतंत्र प्रदर्शने समोरासमोर मांडली गेली, इतकेच म्हणावे लागेल. फ्रेनेच्या विद्यार्थ्याचे लेखन खऱ्या वाचकासाठी होते. वाचक नसता, तर ते छापण्याचे प्रयोजनच उरले नसते. म्हणून या कसोटीस ते बव्हंशी उतरते.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे, तर परितेवाडी (तालुका माढा, जिल्हा सोलापूर) येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे कार्य सर्वांत प्रसिद्ध आहे. २०२० साली त्यांना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. भारत व पाकिस्तान, इस्रायल व पॅलेस्टाईन अशा परस्परांत वैर असलेल्या देशांतील मुलांचा संवाद घडवून आणण्याचा त्यांचा उपक्रम उदात्त हेतूचा आहे, यात शंका नाही. तथापि केवळ संभाषणाने वैरभाव किती ओसरतो, हा प्रश्न त्या उपक्रमासही विचारावा लागतो. आमच्या मते त्यांच्या कार्याचा अधिक मोलाचा भाग कमी चर्चिला गेला आहे. शाळेतील मुलींची घरची भाषा कन्नड आहे, हे ओळखून ते स्वतः कन्नड शिकले व पाठ्यघटक त्यांनी त्या भाषेत उपलब्ध करून दिले. दूरच्या मुलांशी जोडून देण्यापूर्वी समोरच्या मुलांशी नाते जोडणे अवश्य असते, हा त्याचा अर्थ होय.

हीच कसोटी आता मावळाच्या भूमीवर लावून पाहू. घाटमाथ्यावरील लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. तेथून पूर्वेस जेमतेम तीस किलोमीटरवर असलेल्या तळेगावात त्याच्या निम्म्याहूनही कमी. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ येथील शाळा याच उतरणीवर विखुरलेल्या आहेत. इंग्लंडच्या वायव्य डोंगराळ भागातील सीथवेट हे गावही अतिवृष्टीबद्दल प्रसिद्ध असून तेथील वार्षिक सरासरी साडेतीन हजार मिलिमीटरच्या जवळपास आहे. बेरजा जवळजवळ सारख्या. परंतु तेथील पाऊस बारा महिन्यांत विभागलेला, तर येथील बहुतेक चार महिन्यांत कोसळणारा. मग भात येथेच का पिकते, तेथील डोंगर मेंढ्यांच्या कुरणांना का राहतात, ओढे येथे उन्हाळ्यात का आटतात, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही एका वर्गाला एकट्याने मिळणार नाहीत. येथे दुसऱ्याचे काम वजा करता येत नाही. १९९५ साली अमेरिकेच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘ग्लोब’ योजनेने विद्यार्थ्यांच्या हवामान-मोजणीस जे महत्त्व दिले, त्याचे मर्म हेच आहे.

यात व्यावहारिक अडचण आहे, ती लपविण्याचे कारण नाही. इंग्लंडमधील शाळा जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर बंद असतात आणि मावळात तर तेव्हाच पाऊस ऐन भरात असतो. अमेरिकेतील वर्गाशी शाळेच्या वेळात समक्ष बोलणे जवळजवळ अशक्यच. येथे सकाळचे अकरा वाजतात, तेव्हा न्यूयॉर्कला मध्यरात्र उलटलेली असते. परंतु ज्या उपक्रमाचा आधार रोजची नोंदवही आहे, त्याचे यामुळे फारसे बिघडत नाही. बिघडते ते केवळ समक्ष दर्शनावर उभ्या असलेल्या समारंभाचे.

भाषेचा प्रश्न याहून गंभीर आहे. उपक्रम इंग्रजीतून चालला, की मराठी माध्यमाच्या वर्गात शिक्षक बोलतात, दोन चुणचुणीत मुले पाठ केलेली वाक्ये म्हणतात व उरलेला वर्ग प्रेक्षक होतो. म्हणून नोंदी प्रथम मराठीतच व्हाव्यात. ‘सर’, ‘झड’ आणि ‘भुरभुर’ यांतील भेद ज्या मुलाला अनुभवाने ठाऊक आहे, त्याने तो परक्या वर्गाला समजावून सांगण्याचा यत्न करावा. ते भाषांतर हाच अभ्यासाचा एक भाग ठरेल.

यावर कोणी म्हणेल, नुसता परिचयही काही कमी नव्हे. ते मान्य आहे. पण परिचयाने आरंभ व्हावा, समाप्ती होऊ नये. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. परस्थ माणसांशी संबंध मावळाला दोन सहस्र वर्षांपासून परिचित आहे. त्या दात्यांनी एकेक स्तंभ दिला आणि त्या सर्व स्तंभांचे मिळून एक चैत्यगृह झाले. आपल्या वर्गांच्या सहकार्यातून असे काही उभे राहते काय, हे पाहूनच त्याचे मोल ठरवावे.