दहाव्याचं प्रवचन कोणासाठी?

नगर जिल्ह्यात (कागदोपत्री आता अहिल्यानगर) माणूस गेला की दहाव्याला प्रवचन ठरलेलं. प्रवरेच्या नाहीतर गोदेच्या काठावर मंडप, माईक, पुढे पुरुष, कडेला बायका, आणि पलीकडे पिंडाला कावळा शिवायची वाट बघणारे भाऊबंद. सांत्वनासाठी जाहीर बोलण्याची इतकी रुजलेली रीत मराठी मुलखात क्वचितच सापडेल. तरी तिची समीक्षा कोणी करत नाही. दुःखाच्या जागी वक्त्याचं मोजमाप करणं बरं दिसत नाही, एवढंच त्याचं कारण.

आज ही कला तयार मालावर चालते. आत्मा अमर, देह जुनं वस्त्र, चौऱ्याऐंशी लक्ष योनी, मग आईवडिलांची सेवा, मग सुनांना टोमणे आणि मोबाईलवर दोन विनोद. नव्वदीतला माळकरी आजोबा गेला तरी हेच, मोटारसायकलवरून पडून बावीस वर्षांचा पोरगा गेला तरी हेच. मध्येच पुढारी येतात, प्रवचन थांबतं, त्यांना पुढे जागा होते. शेवटी सोसायटीचे चेअरमन, कारखान्याचे संचालक श्रद्धांजली वाहतात आणि कधीही भरून न येणारी तीच पोकळी पुन्हा निर्माण होते. गेलेल्याचं नाव बदललं तर भाषणातला एक शब्द बदलावा लागत नाही.

आणि हे त्या जिल्ह्यात, जिथे नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. सांगणारा कोवळ्या वयाचा, परंपरेनुसार आईबापांच्या देहान्तानंतर पोरका झालेला. ज्या गीतेवर तो बोलला तिच्या पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध शोक करणाऱ्याचाच आहे. अर्जुन बोलत राहतो, हातातून धनुष्य गळतं, आणि श्रीकृष्ण त्या अध्यायात एखादं वाक्य बोलतो. आत्म्याचा विचार येतो तो त्यानंतर. आपले बहुतेक प्रवचनकार थेट दुसऱ्या अध्यायात उतरतात. ऐकून घेण्याचा भाग गाळला की उरतं ते तत्त्वज्ञान खरं असूनही ऐकणाऱ्याला परकं वाटतं.

वारकरी परंपरेत रडायला बंदी होती असंही नाही. ज्ञानेश्वरांच्या 1296 मधल्या समाधीवरचे नामदेवांचे अभंग पाहा. तिथे संत हंबरडा फोडतात, आणि निवृत्तिनाथ, जे ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ आणि गुरूही होते, तेच कोलमडतात. ज्ञानाने दुःख टळतं असा दावा नामदेव करत नाहीत. त्याच परंपरेचा वारसा सांगणारा वक्ता हेल काढून रडणाऱ्या बाईला ‘माउली, रडू नका’ म्हणतो, तेव्हा त्याने नामदेव नीट वाचलेले नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. वास्तविक त्या बाईच्या रडण्यात गेलेला माणूस जास्त असतो. तो काय खायचा, कोणत्या बैलावर त्याचा जीव होता, कोणाशी अबोला धरला होता, हे मंडपात फक्त तीच सांगत असते.

लेखनाची अवस्था वेगळी नाही. आचार्य अत्र्यांच्या मृत्युलेखांत माणूस त्याच्या खोडींसकट उभा राहायचा. आता चौकातल्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि खाली शोकाकुल मंडळींचे फोटो, गेलेल्याच्या फोटोपेक्षा संख्येने पुष्कळ जास्त.

चांगली उदाहरणं मंडपाबाहेर आहेत. कोरोनात नवरे गेलेल्या बायकांसाठी याच जिल्ह्यातल्या अकोल्याचे हेरंब कुलकर्णी यांनी 2021 मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीचं काम उभं केलं. तिथे सांत्वनाची सुरुवात सरकारी मदत पदरात पडण्यापासून होते. पुढच्या वर्षी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला आणि पाठोपाठ राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांना तो कित्ता घालून दिला. दहाव्याच्या व्यासपीठावरून हे दोन विषय सहज सांगता येतील. समोर सगळी भावकी बसलेली असते, आणि निर्णय तिनेच घ्यायचा असतो. काही वक्ते ते धाडसाने सांगतातही, पण ते थोडे.

प्रवचनकार महाराजांना एवढीच विनंती आहे. आदल्या संध्याकाळी त्या घरी जाऊन बसा, गेलेल्याबद्दल विचारा. सकाळी त्याच्याविषयी बोला, पुढाऱ्यांसाठी थांबू नका, आणि एकदा तरी कडेला बसलेल्या त्याच्या बायकोकडे बघून बोला.