हरवलेला आवाज आणि सणाचा चित्रपट : ‘कट्यार काळजात घुसली’चे एक वाचन

सणासुदीला प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटाचा स्वतःचा असा एक संकेतव्यूह असतो. प्रेक्षक तेथे सहकुटुंब येतो आणि घरून निघतानाच समेटाची अपेक्षा बरोबर घेऊन येतो. दुःख त्याला वर्ज्य नसते, मात्र ते फराळाच्या ताटावर परतण्याआधी मिटावे एवढीच त्याची अट असते. 12 नोव्हेंबर 2015 रोजी, म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला, ‘प्रेम रतन धन पायो’, ‘मुंबई-पुणे-मुंबई 2’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ असे तीन चित्रपट एकाच दिवशी पडद्यावर आले. पहिले दोन उघडपणे प्रणयाचे आणि कुटुंबमेळ्याचे होते. तिसऱ्याच्या केंद्रस्थानी मात्र आवाज गमावलेला गायक होता. तरीही तिन्हींचा प्रेक्षक बव्हंशी एकच होता आणि त्याने तिसरा चित्रपटही त्याच प्रसन्न मनाने स्वीकारला. गायकाच्या कंठाला झालेली इजा ही त्याच्या अस्तित्वालाच झालेली इजा असते. ती सणाच्या ताटात वाढण्याजोगी कशी झाली, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. चित्रपट चांगला की वाईट हा प्रश्न त्यामानाने गौण आहे, आणि त्याचा निवाडा प्रेक्षकांनी तेव्हाच केलेला आहे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांचे मूळ नाटक 1967 सालचे. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांचे खाँसाहेब यांमुळे ते मराठी रंगभूमीच्या स्मृतीत कायमचे रुजले. सुबोध भावे यांनी चित्रपटासाठी त्याची पुनर्रचना केली. कथा परिचित आहे. विश्रामपूर संस्थानातील दरबारी गायक पंडित भानुशंकर आणि त्यांच्याकडून वर्षानुवर्षे पराभव पत्करणारे खाँसाहेब आफताब हुसेन यांच्यातील ही स्पर्धा आहे. विजेत्याला हवेली, राजगायकाचा मान आणि एक खून माफ असलेली कट्यार मिळते. ऐन स्पर्धेत पंडितजींचा आवाज उमटत नाही व खाँसाहेब जिंकतात. पंडितजी विश्रामपूर सोडून जातात, त्यांची कन्या उमा खाँसाहेबांच्या घरी सेवेकरी होऊन राहते आणि पंडितजींकडे शिकण्याच्या ओढीने आलेला सदाशिव या विस्कटलेल्या घरात येऊन पोहोचतो.

आवाज गेला, कारण खाँसाहेबांच्या बेगमेने पंडितजींना शेंदूर चारला. शेंदूर खाऊ घालून प्रतिस्पर्ध्याचा गळा बसवल्याच्या आख्यायिका आपल्याकडील गवयांच्या गोतावळ्यात पूर्वापार सांगितल्या जातात. तेव्हा पटकथेने परंपरेबाहेरचे काही आणले असे म्हणता येणार नाही. या एका योजनेमुळे इजेची कोटी मात्र बदलते. कंठ जाणे ही देहाची, वार्धक्याची वा दैवाची घटना राहत नाही, तिला गुन्ह्याचे रूप येते. गुन्ह्याला गुन्हेगार असतो, उघडकीचा क्षण असतो, आणि त्यामागून प्रायश्चित्त व क्षमा येतात. जिला उत्तर नाही अशी वेदना सणाला चालत नाही. जिच्यामागे कोणीतरी दोषी आहे अशी वेदना मात्र चालते, कारण दोषी सापडला की ती निवते.

पीटर ब्रुक्स यांनी ‘द मेलोड्रॅमॅटिक इमॅजिनेशन’ (1976) या ग्रंथात मूकपणाच्या संहितेवर एक संपूर्ण प्रकरण लिहिले आहे. अतिनाट्यात मुके पात्र वारंवार का येते, हा त्यांचा प्रश्न आहे. पिक्सेरेकूरच्या 1800 सालच्या ‘सेलिना’ या नाटकातील फ्रान्सिस्क हा मुका आहे, तो नायिकेचा पिता आहे आणि त्याच्यावरील अत्याचाराचे सत्य त्याच्याच बंद ओठांआड आहे. अतिनाट्य सारे काही बोलून टाकू पाहते. म्हणूनच त्याला न बोलू शकणाऱ्या निष्पापाची गरज भासते, कारण सद्गुणाला वाचा फुटण्याची प्रतीक्षा हेच त्याचे कथानक असते. पंडित भानुशंकर आणि उमा ही पितापुत्रीची जोडी फ्रान्सिस्क आणि सेलिना यांच्या शेजारी ठेवून पाहावी. मधे दोन शतके आणि दोन खंड असूनही रूपबंध तोच आहे. अन्यायाने मूक झालेला पिता, आश्रितासारखी जगणारी मुलगी आणि पित्याचे हरवलेले स्थान परत मिळवून देणारा तरुण अशी ही मांडणी आहे. फरक इतकाच की फ्रेंच नाटकात मुक्याला हातवाऱ्यांची भाषा मिळते, तो रंगमंचावर राहतो आणि आपल्या मूकपणासह वावरतो. ‘कट्यार’मध्ये मूक झालेला गायक बराच काळ पडद्याआडच राहतो. चित्रपटाला त्याच्यावरील अन्याय हवा आहे, त्याचा मूकपणा मात्र सोसवत नाही.

हे न सोसवणे कशामुळे, याचे उत्तर पार्श्वगायनाच्या पद्धतीत सापडते. संगीत नाटकात नट स्वतः गातो. वसंतराव देशपांडे किंवा प्रसाद सावकार रंगमंचावर उभे असत तेव्हा देह आणि आवाज यांच्यात फट नसे. अशा माध्यमात गायकाचा आवाज जाणे म्हणजे समोरच्या देहातून काहीतरी निघून जाणे होय. चित्रपटात ही फट आरंभापासूनच गृहीत असते. सचिन पिळगांवकर यांच्या खाँसाहेबांना राहुल देशपांडे यांचा आवाज आहे आणि सुबोध भावे यांच्या सदाशिवाला महेश काळे यांचा. ‘अरुणी किरणी’साठी काळे यांना 63 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्तम पार्श्वगायकाचा मान मिळाला. तिघा पुरुष गायकांपैकी पडद्यावरचा देह आणि ऐकू येणारा आवाज एकाच व्यक्तीचे असलेला असा एकच आहे, तो म्हणजे पंडितजींची भूमिका करणारे शंकर महादेवन. कथानक आवाज हिरावून घेते ते नेमका याच व्यक्तीचा. ज्यांच्या देहाला स्वतःचा गाता आवाज मुळात नाहीच, ते दोघे अखेरपर्यंत गात राहतात आणि ज्याच्या देहात आवाज खरोखर वसतो तो मुका होतो. ही रचना दिग्दर्शकाने जाणूनबुजून केली असेल असे मला वाटत नाही. भूमिकावाटपाच्या व्यावहारिक गणितातून ती घडली असावी. पण कलाकृतीचे वाचन कर्त्याच्या हेतूपाशी थांबवण्याचे कारण नाही. चित्रपट ज्या माध्यमावर उभा आहे त्या माध्यमाचे सत्य पंडितजींच्या मूकपणातून त्याच्या नकळत बाहेर येते.

आणि तरी प्रेक्षकाला तो आवाज क्षणभरही गमवावा लागत नाही. शंकर-एहसान-लॉय यांच्या संगीताने बांधलेल्या या चित्रपटात पंडितजींच्या गाण्याचा ठसा ध्वनिपट्टीवर आधीच उमटलेला असतो आणि ध्वनिफितीतून तो घरोघरी पोहोचलेला असतो. पात्राची हानी प्रेक्षकाची हानी होत नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा केली ती आस्वादात अडथळे कोणते हे सांगण्यासाठी. येथे उलट प्रश्न विचारावासा वाटतो : ज्या करुणात विघ्न म्हणून काहीच येत नाही, जेथे हरवलेली वस्तू रसिकाच्या हाती सुखरूप असते, तेथे निष्पन्न होतो तो करुणच काय?

खाँसाहेबांच्या बाजूलाही अशीच एक गोष्ट घडते. राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू. 1967 च्या रंगमंचावरचा खाँसाहेबांचा आवाज 2015 च्या पडद्यावर वंशपरंपरेने येतो. कथेत घराण्याच्या मक्तेदारीविरुद्ध विद्येच्या मुक्ततेची बाजू घेणारा हा चित्रपट ध्वनिपट्टीवर मात्र वारसा साजरा करतो. ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन गायकींच्या अंगाने ऐकवून अभिषेकींनी जो भेद कानाला प्रत्यक्ष कळवला होता, त्याचे मोल चित्रपटानेही जाणले आहे, ही त्याची जमेची बाजू. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या प्रमाणांवरून घराण्यांचा जो विचार केला, त्याची तोंडओळख नव्या पिढीला या दोन चालींमधून आजही करून देता येते. पदव्युत्तर वर्गात मी ती अशीच करून देतो.

आता बेगमेकडे वळू. पुरुषांच्या या स्पर्धेत विष कालवणारा हात स्त्रीचा दाखवल्यामुळे दोन्ही गायक निष्कलंक राहतात. खाँसाहेब अहंकारी आहेत, उमेशी निष्ठुर आहेत, पण मूळ पापाचे धनी ते नव्हेत. सत्य कळताच ते बेगमेचा धिक्कार करतात आणि प्रेक्षकाच्या मनात आपली जागा राखतात. दोन कलावंतांमधील वैर, ज्याच्या तळाशी दोन धर्मांचा आणि दोन परंपरांचा ताण आहे, ते जनानखान्यात नेऊन ठेवले की दरबारात समेट शक्य होतो. शेंदूर हा मारुतीच्या आणि गणपतीच्या मूर्तीला लावायचा पदार्थ. तो मुस्लिम बेगमेच्या हाती विष होऊन येतो, या प्रतिमेतील स्फोटकता चित्रपट ओळखत नाही की ओळखून टाळतो, हे सांगणे कठीण आहे. 1948 पर्यंत निजामी राजवट अनुभवलेल्या आणि उर्दू-मराठी एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या आमच्यासारख्या शहरातील वाचकाला ती प्रतिमा खटकल्यावाचून राहत नाही. वर्षानुवर्षे पतीचा पराभव आणि घरातले दैन्य पाहिलेल्या त्या स्त्रीला स्वतःची शोकांतिका असू शकली असती. तिला कथानकातील एक साधन एवढेच स्थान मिळते.

प्रणयकथेबद्दल थोडक्यात. उमा आणि झरीना या दोघींच्या मनात सदाशिव आहे. दोघी दोन गायकांच्या मुली असल्याने हा प्रणय म्हणजे घराण्यांच्या संधीचे रूपक होऊ शकला असता. पण सदाशिवाचे सारे चित्त विद्येकडे असल्याने शृंगार येथे गाण्यांपुरता उरतो. सणाच्या प्रेक्षकाला तेवढा पुरतो.

आवाज गेला म्हणजे गायकाजवळचे सारे गेले, हे चित्रपटाचे सर्वांत खोल गृहीतक आहे. ते आपल्या परंपरेत सर्वमान्य नाही. आमच्या शहरालगतच्या देवगिरीवर, यादव राजा सिंघणाच्या पदरी, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील ‘शारीर’ ही संकल्पना येथे ध्यानात घ्यावी. अभ्यासावाचूनही राग व्यक्त करण्याचे जे सामर्थ्य शरीराबरोबरच उपजते, ते शारीर. म्हणजे आवाज हा देहाचा धर्म आहे. कट्यारीसारखी जिंकायची किंवा चोरायची ती चीज नव्हे. दुसरे असे की शार्ङ्गदेवाच्या श्रेणीत वाग्गेयकाराचे स्थान फार वरचे आहे. शब्द आणि स्वररचना दोन्ही ज्याची, तो वाग्गेयकार. त्याची थोरवी केवळ कंठावर तोललेली नाही. या दृष्टीने पाहता कंठ गेलेले पंडितजी रचनाकार होते, गुरू होते, श्रोते होते. त्यांच्यापुढे सदाशिव बसला असता आणि न गाता शिकवणे कसे असते याचा चित्रपटाने शोध घेतला असता, तर मराठी चित्रपटाला एक अपूर्व गुरुशिष्यसंबंध लाभला असता.

ही केवळ कल्पनेतील शक्यता नव्हे. कुमार गंधर्व 1948 साली देवासला गेले ते क्षयाने ग्रस्त होऊन. काही वर्षे त्यांना गाता आले नाही आणि एक फुफ्फुस जवळजवळ निकामी झाले. त्या अंथरुणावर त्यांनी माळव्याची लोकगीते ऐकली. पुढे लोकधुनांतून राग कसा उगवतो याचा त्यांनी शोध घेतला, ‘अनूपरागविलास’मध्ये बंदिशी सिद्ध केल्या आणि पन्नासच्या दशकात ते मंचावर परतले ते वेगळे गाणे घेऊन. त्यांच्या गाण्यातील छोटे, तीव्र स्वरपुंज आणि मधली स्तब्धता यांचा संबंध थेट आजाराशी जोडणे अतिसोपे होईल. आजारापूर्वीही ते कोणाचे अनुकरण करणारे गायक राहिलेले नव्हते. तथापि त्या सक्तीच्या मौनात त्यांचे ऐकणे बदलले, हे नाकारता येत नाही. एडमंड विल्सन यांनी ‘द वूंड अँड द बो’ (1941) मध्ये सोफोक्लिसच्या फिलोक्टेटिसचे उदाहरण घेऊन व्रण आणि धनुष्य एकाच माणसाजवळ असतात, एक टाळून दुसरे मिळत नाही, असे प्रतिपादन केले होते. या प्रमेयाचा आपल्याकडे फार सढळ वापर झाला आणि आजारी कवी म्हणजे थोर कवी असा ग्रह त्यातून पसरला, हे खरे. ‘कट्यार’पुरते मात्र ते उपयोगी आहे, कारण चित्रपटाने व्रण एकाला दिला आणि धनुष्य दुसऱ्याला. पंडितजी केवळ सोसतात व सदाशिव केवळ साधतो.

या विवेचनावर एक आक्षेप घेतला जाईल : लोकप्रिय चित्रपटाकडून इतकी अपेक्षा का? शास्त्रीय संगीतापासून दूर गेलेल्या तरुणांना या चित्रपटाने नाट्यपदांकडे परत आणले, हे कमी आहे काय? ते कमी नाही. परंतु जी कृती स्वतःच कलेच्या श्रेष्ठत्वाचा प्रश्न मांडते, तिला तो प्रश्न उलट विचारण्याचा अधिकार समीक्षेला आहे. आणि प्रेक्षक दुसरे काही पाहूच शकत नाही, हे गृहीत त्याला कमी लेखणारे आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये (2020) गुरूच्या भूमिकेतील अरुण द्रविड आणि शिष्याच्या भूमिकेतील आदित्य मोडक हे दोघेही प्रत्यक्ष गायक आहेत. तेथे गुरूचा देह थकत जातो, शिष्य त्याची शुश्रूषा करतो, खर्चाची विवंचना करतो, आणि यात दोषी कोणी नसतो. हा चित्रपट कोणत्याही सणाला लागला नाही. त्यात कंठाची हानी उघड दिसत नाही. साधना करूनही आवाजातून जे उमटायला हवे ते उमटत नाही, याची दीर्घ, कोरडी जाणीव त्यात आहे. विश्रामपूरच्या भरलेल्या दरबारात पंडितजींनी तोंड उघडले आणि स्वर आला नाही, तो क्षण याच जाणिवेच्या दारात उभा होता. शेंदराचा खुलासा येण्यापूर्वीची ती काही पळे, जेव्हा आवाज का गेला हे कोणालाच ठाऊक नव्हते, ती ‘कट्यार’मधील सर्वांत सच्ची पळे होत.