पासोडीवर लिहिले आहे काय?

आमच्या नांदूरघाटात पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचे जाडेभरडे पांघरूण. त्यामुळे वर्गात दासोपंतांच्या (१५५१–१६१५) पासोडीचा विषय निघाला की मुले हसत, आणि मी गोष्ट सांगू लागे. थकलेल्या वसुलीपायी बीदरच्या बादशहाने देशपांड्यांच्या या मुलाला ओलीस ठेवले. मुदत संपत आली तेव्हा दत्तात्रेय ‘दत्ताजी पाडेवार’ होऊन आले, रक्कम भरली, मुलगा सुटला. पुढे आंबाजोगाईस तो रोज ढब्बू पैशाची शाई लिहून संपवी. कागद पुरेना, म्हणून कापडावर लिहू लागला. एकदा एका मुलीने विचारले, “सर, पण पासोडीवर लिहिलंय काय?” ‘पंचीकरण’ या शब्दापलीकडे मला काही सांगता आले नाही.

त्या प्रश्नाने मला आधी गोष्टीकडेच पुन्हा पाहायला लावले. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा याच साच्यातली आहे. तिथेही बीदरचा दरबार, तिथेही सरकारी देणे, आणि विठू महार होऊन आलेला विठ्ठल. वसुलीच्या धाकात जगणाऱ्या मुलखाने आपली सुटका गावकामगाराच्या रूपात पाहिली, हे या दोन्ही कथांचे मोल. मात्र त्या काळाविषयी बोलतात. पासोडीविषयी एक अक्षरही सांगत नाहीत.

पासोडीचा विषय वेदान्तातला. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच सूक्ष्म भूते एकमेकांत मिसळून स्थूल जग कसे घडते, याची ही मांडणी. प्रत्येक स्थूल भूतात निम्मा वाटा स्वतःचा आणि उरलेल्या चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश. म्हणजे हा हिशेब आहे, आणि हिशेब एका नजरेत दिसावा लागतो. पोथीचे पान उलटले की मागचे झाकले जाते. पसरलेल्या कापडावर सगळे एकदम समोर राहते. दासोपंतांनी ओव्यांच्या जोडीला आकृत्या काढल्या, त्याचे कारण मला इथे दिसते. कागदाची टंचाई हे कारण मला पटत नाही. ‘गीतार्णव’सारखा अफाट ग्रंथ लिहिणाऱ्याने कापड निवडले, ते शिकवण्याच्या गरजेतून, असे माझे वाचन आहे. शिवाय देह हे वस्त्र, ही गीतेतली कल्पना ज्याने टीका लिहिताना घोळवली, त्याने देहाची घडण वस्त्रावरच उलगडावी, यात मला कवीची जाण दिसते.

आपल्या वाङ्मयेतिहासाने मात्र पासोडीची लांबी मोजली, ओव्या मोजल्या आणि आश्चर्य वाटून घेतले. चमत्काराची गोष्ट वाचकाला दारापर्यंत आणते, हे खरे. पण आत काय आहे, हे आपण दारातच विसरतो. मीही इतकी वर्षे तेच केले. एकनाथांच्या या समकालीनाला आपण विक्रमवीर करून ठेवले आणि त्याच्यातला शिक्षक हरवला.

पुढच्या तासाला मी गोष्ट थोडक्यात आटोपली आणि फळ्यावर पाच उभे रकाने आखले. त्याच मुलीने विचारले, “मग पाण्यात आकाश किती?”

“एक अष्टमांश,” मी म्हणालो. तिने वहीत रकाना आखला.