न ऐकलेली कुजबुज

भीतीला पैसा लागत नाही, अंधार लागतो. हे मला पटवले 'डोन्ट बी अफ्रेड ऑफ द डार्क' या अमेरिकी दूरचित्रवाणीपटाने. १० ऑक्टोबर १९७३ रोजी एबीसी वाहिनीने तो दाखवला. लांबी जेमतेम सव्वा तास.

सॅली (किम डार्बी) नवऱ्यासह आजीच्या जुन्या घरात राहायला येते. विटांनी बुजवलेल्या फायरप्लेसला हात लावू नका, असे डागडुजी करणारा म्हातारा हॅरिस बजावतो. ती ऐकत नाही. राखेच्या खड्ड्याचे दार उघडते आणि अंधारातून तिच्याच नावाची कुजबुज सुरू होते.

इथली बुटकी भुते म्हणजे मुखवटे चढवलेले नट. पूर्ण उजेडात ती हास्यास्पद दिसतात, हे मान्य करायला हवे. परंतु कथेत त्यांना उजेडच सोसत नाही. दिग्दर्शक जॉन न्यूलंड त्यांना बहुधा सावलीत ठेवतो आणि हाताशी असलेल्या तुटपुंज्या साधनांची उणीव कथेची ताकद होते.

तरी खरा थरकाप भुतांचा नाही. सॅली जीव तोडून सांगते. बढतीच्या मागे लागलेला नवरा ते मनाचे खेळ समजतो. त्याला पटते तेव्हा उशीर झालेला असतो. बाईचे बोलणे 'वहम' म्हणून उडवण्याची खोड आपल्याही घरांत आहे. म्हणूनच हा परका चित्रपट परका वाटत नाही.

२०११ मध्ये गिएर्मो देल तोरो यांच्या निर्मितीत तो नव्याने आला. भुते संगणकावर घडवलेली, सॅली मात्र लहान मुलगी. मुलांचे कोण ऐकतो? जाणत्या स्त्रीचेही कोणी ऐकत नाही, हे दुखणे जुन्या, स्वस्त चित्रपटानेच नेमके पकडले होते.