पदवीस्तरावरील परिस्थितिकी-संशोधनाचे प्रशिक्षण : एक चिकित्सा

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निर्देशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सामाईक अभ्यासक्रम तयार केला. त्यात १०० पैकी २५ गुण क्षेत्रकार्यास होते; तळे, नदी, डोंगरउतार अशी अभ्यासस्थळेही सुचविलेली होती. रचना दूरदृष्टीची होती, यात शंका नाही. व्यवहारात मात्र एका दिवसाची सहल आणि गतवर्षीच्या प्रकल्पवहीची सुवाच्य नक्कल एवढाच तिचा अर्थ पुष्कळ ठिकाणी उरला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता क्षेत्रप्रकल्प आणि चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स पदवी आल्याने हा प्रश्न नव्याने विचारात घेणे आवश्यक ठरते.

एक मीटर बाजूची चौकट टाकून रोपे मोजणे सोपे आहे. ती कोठे टाकावी हे ठरविणे, हे खरे शास्त्र. विद्यार्थी सहसा फुले दाट असतील तेथे चौकट ठेवतो आणि रिकामी आलेली चौकट नोंदवहीतून वगळतो. ती वाया गेली असे त्यास वाटते. दोष त्याचा नव्हे. यादृच्छिक निवड संख्याशास्त्राच्या तासाला शिकविली जाते, आणि तो तास बहुधा दुसऱ्या विभागात असतो! शून्य हीदेखील नोंद आहे हे न उमगता घनतेचे सूत्र पाठ केले, तर सरासरी फुगीरच येणार.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची आहे. सह्याद्रीच्या सड्यांवरील गेंद, सीतेची आसवे यांसारख्या अल्पायुषी वनस्पतींचा बहर पावसाळा सरता सरता आटोपतो. प्रवेशप्रक्रिया लांबते, विषयास मंजुरी मिळेपर्यंत थंडी पडते, आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला कोरडा जांभा येतो. मग छायाचित्रे अन्यत्रून घेतली जातात.

पुण्याच्या टेकड्यांवर ग्लिरिसिडियाच्या लागवडीखाली मूळचे गवत टिकते की मागे हटते, हा प्रश्न एका विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचा आहे. दहा तुकड्यांच्या आवाक्यातला आहे. त्यासाठी कायम खुणा केलेली काही ठिकाणे आणि दरवर्षी त्याच आठवड्यातील मोजणी पुरेशी होईल. महागडी उपकरणे लागत नाहीत. परंतु प्रत्येक तुकडीकडून नव्या शीर्षकाची अपेक्षा केली जाते, आणि परीक्षकाची स्वाक्षरी झालेल्या जुन्या वह्या काही वर्षांत रद्दीत निघतात.